आठवा चंद्र आणि घाटाची गाडी

“शनी कुणाचं वाईट करत नाही हो. तो नुसता हळू चालतो, आणि आपल्याला घाई असते.”

मास्तर हे वहिनींना म्हणाले होते, त्या बस डेपोत टेलिफोनवर रुजू झाल्या त्या सकाळी. वहिनींचा नवरा याच डेपोत ड्रायव्हर होता. तो आजारपणात गेला आणि त्याच्या जागी त्यांना नोकरी मिळाली. त्याचे मित्र आधीपासून वहिनी म्हणायचे, म्हणून सगळा डेपोच वहिनी म्हणू लागला. कंट्रोल रूममध्ये दोन टेबलं समोरासमोर. एकावर टेलिफोन आणि वहिनी. दुसऱ्यावर मास्तर, म्हणजे कोणत्या ड्रायव्हरनं कोणत्या रस्त्यावर जायचं ते ठरवणारा माणूस. त्यांनी पहिल्याच दिवशी जन्मवेळ विचारली.

“माझा नाही विश्वास,” वहिनी म्हणाल्या.

“विश्वास कुणी मागितला? वेळ मागितली.”

वहिनींनी वेळ सांगितली. का सांगितली ते त्यांनाही कळलं नाही. मास्तरांनी ड्रॉवरमधून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं पंचांग काढलं, बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजलं, शनीबद्दलचं ते वाक्य बोलले, आणि खिडकीपाशी उभ्या असलेल्या मंडळींकडे वळून म्हणाले, “यांची साडेसाती आहे. पहाटेची पाळी यांना लागणार नाही. ज्याला काही म्हणायचं असेल त्यानं शनीला म्हणावं.”

वहिनींची मुलगी तेव्हा लहान होती आणि पहाटे तिच्याजवळ थांबायला घरात कुणी नव्हतं. हे मास्तरांना ठाऊक होतं की नव्हतं, याचा उलगडा वहिनींना पुढे कित्येक वर्षं झाला नाही. ‘बाई एकटी आहे, समजून घ्या,’ असं कुणी म्हणालं असतं तर निम्म्या डेपोनं नाक मुरडलं असतं आणि वहिनींची मान खाली गेली असती. साडेसातीपुढे मात्र युनियनसुद्धा गप्प बसायची.

मास्तर स्वतः जुने ड्रायव्हर. मान धरली, उजवीकडे वळेनाशी झाली, तेव्हा त्यांना स्टिअरिंगवरून उठवून खुर्चीत बसवलं. गळ्याभोवती बारा महिने मफलर. उजवीकडून कुणी हाक मारली तर ते खुर्चीसकट वळायचे, अरुंद रस्त्यात बस वळवावी तसे, सावकाश. त्यांच्या पाठीमागे भिंतभर लाकडी फळा होता. त्यावर रस्त्यांची नावं आणि प्रत्येक नावाखाली खिळा. ड्रायव्हरचा पत्र्याचा बिल्ला ज्या खिळ्याला, ती त्याची त्या दिवसाची ड्युटी. अगदी खालच्या कोपऱ्यात, जिथे कुठल्याच रस्त्याचं नाव नव्हतं, तिथे एक गंजलेला बिल्ला वर्षानुवर्षं लटकत होता. तो मास्तरांचा स्वतःचा.

सकाळी खिडकीवर रांग लागायची.

“मास्तर, माझा राहू आज ब्रेकवर बसलाय का अ‍ॅक्सिलरेटरवर?”

“तुझा राहू तुझ्या जिभेवर बसलाय. त्याला खाली उतरव आणि मग गाडी काढ.”

गॅरेज सांभाळणारा फोरमन हाताचं ग्रीस पुसत आत डोकावायचा. “माझ्या गाड्यांच्या पण पत्रिका मांडा की. सगळ्यांना एकदमच साडेसाती लागलीय.”

“त्यांना साडेसाती नाही, म्हातारपण लागलंय. त्यावर माझ्याकडे उपाय नाही.”

हसणं झालं की पंचांग उघडण्याआधी मास्तर प्रत्येकाला तेच विचारायचे. घरी कसं आहे? झोप झाली का? जेवलास का? आणि माणसं सांगायची. एरवी सख्ख्या भावानं विचारलं तरी ‘बरं चाललंय’ म्हणून पुढे सरकणारा माणूस त्या खिडकीत बायकोचा रुसवा, पोराचा ताप, आईचं कण्हणं सगळं ओतायचा; कारण इथे तो स्वतःबद्दल बोलत नव्हता, आपल्या ग्रहांबद्दल बोलत होता. मग मास्तर पंचांगात बघायचे, ‘हं’ म्हणायचे, आणि त्याचा बिल्ला घाटाच्या खिळ्यावरून काढून शहरातल्या सपाट रस्त्याच्या खिळ्याला अडकवायचे. पत्र्यावर पत्रा वाजायचा. तो आवाज वहिनींच्या कानात इतका बसला होता की घरी भांडी लावतानाही त्यांना वाटायचं, कुणाचा तरी रस्ता बदलला.

हळूहळू त्यांच्या लक्षात आलं, ज्याची झोप झालेली नसते नेमका त्याचाच मंगळ त्या दिवशी बिघडलेला असतो. एकदा त्यांनी हे बोलून दाखवलं.

मास्तर खुर्चीसकट वळले. “वहिनी, वाईट काळ म्हणजे काय? ज्यात एकट्याला ओझं झेपत नाही तो. मग ते थोडं दुसऱ्यानं उचलायचं. ग्रह एवढंच सांगतात.”

“मग ग्रह कशाला हवेत? तुम्हीच सांगा की.”

“माझं कोण ऐकतंय?”

ते थट्टा करत होते की काय, हे कळायला मार्ग नव्हता. चेहरा हलायचा तो मानेबरोबर, आणि मान हलत नव्हती. पण त्यांचा विश्वास खोटा नव्हता. दिवसभराची माणसं निघून गेली की ते एकटेच पंचांगाची पानं उलटत बसायचे, आणि तेव्हा त्यांच्या तोंडावर, आभाळाकडे बघून घराबाहेर पडावं की नाही याचा विचार करणाऱ्या माणसाची काळजी असायची.

मग ते वर्ष आलं.

डेपो बंद होणार, असं कुणीतरी म्हणालं. नव्या गाड्या येईनात, जुन्यांचे सुटे भाग येईनात. कधी कानावर यायचं जागा विकली, कधी यायचं निम्मे लोक लांबच्या डेपोत जाणार. कुणालाच काही ठाऊक नव्हतं आणि प्रत्येकाला कुणीतरी काहीतरी सांगितलेलं होतं. टेलिफोन वाजला की खोलीतले सगळे बोलायचे थांबून वहिनींच्या तोंडाकडे बघायचे. वहिनींना चेहऱ्यावर काही न उमटू देण्याची सवय लागली. रिसीव्हर कानाला लावताना त्या नजर टेबलाच्या कडेवर ठेवायच्या आणि ठेवून देईपर्यंत तिथून हलवायच्या नाहीत.

खिडकीवरची रांग वाढली. पूर्वी लोक ‘आज’ विचारायचे, आता ‘पुढे’ विचारू लागले.

“पुढचं मला दिसत नाही रे,” मास्तर म्हणायचे. “मी काच पुसून देतो. गाडी तू चालव.”

त्याच वर्षी मास्तरांचा मुलगा ड्रायव्हर म्हणून त्या डेपोत लागला. बापासारखेच रुंद खांदे, मान तेवढी मोकळी. डेपोनं लगेच त्याचं नाव छोटे मास्तर ठेवलं. मास्तरांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं की घरच्या माणसाची पत्रिका आपण बघायची नसते. डॉक्टरसुद्धा पोराच्या पोटावर सुरी चालवत नाही. मुलगा खिडकीत आला की तेच प्रश्न ते त्यालाही विचारायचे.

“बाबा, आत्ता तुमच्यासमोरच तर जेवलो.”

“इथे बाबा नाही. मास्तर म्हण.”

“मास्तर, जेवलो. तुम्हीच वाढलंत, मीठ जास्त होतं.”

खिडकीत हशा पिकायचा, आणि मास्तर ड्युटीची चिठ्ठी पुढे सरकवायचे. त्या वेळी त्यांच्या हाताकडे वहिनींचं लक्ष जायचं. इतरांची चिठ्ठी ते टेबलावरून ढकलायचे. मुलाची चिठ्ठी बोटांतून सुटायला क्षणभर वेळ लागायचा.

धुकं पडलं त्या सकाळी वहिनी आल्या तेव्हा मास्तर फळ्यासमोर पाठमोरे उभे होते. पंचांग टेबलावर उघडं. आदल्या दिवशीच ठरलं होतं की मुलगा आज पहिल्यांदा घाटाची गाडी नेणार, आणि त्याचा बिल्ला घाटाच्या खिळ्याला लागलेला होता.

“चंद्र आठवा आहे,” मास्तर फळ्याला सांगितल्यासारखे म्हणाले. “वर मंगळाची दृष्टी.”

“कुणाचा चंद्र?” वहिनींनी विचारलं, आणि विचारता विचारताच त्यांना कळलं.

मास्तरांनी मुलाचा बिल्ला काढून शहराच्या रस्त्याला लावला. घाटाचा खिळा रिकामा झाला. खिडकीबाहेर धुक्यात रांग उभी होती. माणसं दिसत नव्हती, नुसते श्वास दिसत होते. रांगेत पहिला होता मौनी. सगळ्यात कमी बोलणारा ड्रायव्हर म्हणून त्याला हे नाव पडलं होतं. त्याच्याकडून तीन उत्तरं काढायला मास्तरांना एरवी अख्ख्या रांगेएवढा वेळ लागायचा, आणि ते तेवढा वेळ थांबायचे. मागच्यांनी कितीही कुरकुर केली तरी थांबायचे.

वहिनींनी मौनीकडे पाहिलं. डोळे लाल, गाल आत गेलेले, शर्टाचं एक बटण भलत्याच काजात. आता मास्तर विचारतील, त्यांना वाटलं. त्या वाट बघू लागल्या. मौनीही खिडकीच्या गजावर हात ठेवून वाट बघत असावा.

मास्तरांची नजर पंचांगावर होती. “घाट,” ते म्हणाले आणि चिठ्ठी ढकलली. “जपून.”

मौनी जरा वेळ तसाच उभा राहिला. मग चिठ्ठी घेऊन गेला. मास्तरांनी त्याचा बिल्ला घाटाच्या खिळ्याला अडकवला. पत्र्याचा तो आवाज वहिनींना रोजच्यापेक्षा मोठा वाटला. फोन वाजला, त्या कामाला लागल्या, आणि बोलायचं राहून गेलं.

दुपारनंतर धुकं उठायच्या ऐवजी बसत गेलं. घाटाला दोन चौक्या, एक माथ्यावर, एक पायथ्याशी. गाडी चौकीवरून गेली की चौकीदार फोन करून कळवतो. मौनीची गाडी परतीच्या वाटेवर माथ्यावरून निघाल्याचा फोन आला. पायथ्याचा येईना. वहिनींनी वाट बघितली, मग स्वतःच फोन लावला.

“नाही आली अजून,” पायथ्याचा चौकीदार म्हणाला. “इथे हाताला हात दिसत नाही. आली तर आवाजावरूनच कळेल.”

कंडक्टरचा मोबाइल लागेना. घाटात रेंज नसते हे ठाऊक असूनही वहिनी पुन्हा पुन्हा नंबर फिरवत राहिल्या. मास्तर पेन्सिल उचलायचे, ठेवायचे. फळ्याकडे त्यांची पाठ होती, पण पाठीलाच डोळे फुटल्यासारखे ते आखडून बसले होते. गाडीतल्या कुणाच्या तरी आईचा फोन आला, गाडी कुठवर आली म्हणून. वहिनी म्हणाल्या, वाटेत आहे. फोन ठेवल्यावर त्यांना वाटलं, किती सोपा शब्द आहे वाटेत.

फोरमन आत आला. हात पुसायचं आज त्याला सुचलं नव्हतं. “घाटाची गाडी कोण घेऊन गेलंय?”

“मौनी,” वहिनी म्हणाल्या.

“मौनी?” फोरमन दारातच थांबला. “अहो, त्याची बायको दवाखान्यात आहे. रात्र रात्र बाकावर बसून काढतोय तो. मला पण आत्ता कॅन्टीनमध्ये कळलं.”

“मला बोलला नाही,” मास्तर म्हणाले.

“तो कधी आपण होऊन बोललाय? तुम्हीच काढून घेता त्याच्याकडून.”

फोरमनच्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. मास्तरांनी मफलरची गाठ सैल केली, पुन्हा घट्ट केली. वहिनींना सकाळची ती खिडकी दिसली, गजावरचा हात दिसला. आपणही पाहिलं होतं.

तेवढ्यात मुलगा शहराची फेरी संपवून आला, किल्ली टेबलावर टाकायला. खोलीतली शांतता त्याच्या लक्षात आली. मग त्यानं फळ्याकडे पाहिलं.

“माझ्या जागी मौनीकाकांना पाठवलंत?”

“ड्युट्या बदलतात,” मास्तर म्हणाले.

“सकाळी मला सांगितलंत घाटाच्या गाडीचा गिअर अडकतोय, म्हणून शहरात जा. मी मान्य केलं.” त्यानं टेबलावरचं पंचांग पाहिलं, उघडं पडलेलं पान पाहिलं. “माझी पत्रिका बघितलीत तुम्ही.”

मास्तरांनी त्या पानावर हात ठेवला.

“काय होतं माझ्या पत्रिकेत?”

“चंद्र आठवा.”

“आणि मौनीकाकांचा?”

“त्याचा ठीक होता,” मास्तर म्हणाले, आणि आपलंच वाक्य ऐकून त्यांचा आवाज खाली गेला. “पत्रिकेत ठीक होता.”

मुलगा आणखी काही बोलणार होता. फोन वाजला. सगळ्यांनी वहिनींकडे बघितलं आणि वहिनींनी नजर टेबलाच्या कडेवर ठेवली.

कंडक्टर होता, घाटातल्या जंगलखात्याच्या बंगल्यावरून. चालत चालत तिथवर आला होता, दम लागला होता. गाडी शाबूत आहे, माणसं शाबूत आहेत, तो म्हणाला. मौनीनं मधल्या वळणावर गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. डोळे आपोआप मिटतायत, म्हणाला, मी पुढे चालवणार नाही. लोक ओरडले, एकानं कॉलरला हात घातला. तो नुसता खाली उतरून पायरीवर बसला. मी गाडीमागे रस्त्यावर दगड मांडलेत, कंडक्टर सांगत होता, पण वळण आंधळं आहे, मागून एखादा ट्रक आला तर काय होईल सांगता येत नाही. कुणाला तरी पाठवा. अंधार पडायच्या आत पाठवा.

“मी त्याला म्हटलं,” कंडक्टर शेवटी म्हणाला, “अरे, मग सकाळी मास्तरांना सांगायचं नाही का? तर म्हणतो, त्यांनी विचारलं नाही.”

वहिनींनी फोन ठेवला. गाडी उभी आहे, सगळे सुखरूप आहेत, हे सांगताना त्यांच्या आवाजात आधी जीव आला आणि मग वळणाचं सांगताना पुन्हा गेला. फोरमननं कपाळावर हात फिरवला. तिथे ग्रीसचा पट्टा उठला.

“मौनी काय म्हणाला?” मास्तरांनी विचारलं.

“काही नाही.”

“वहिनी.”

इतक्या महिन्यांची सवय होती, पण या वेळी चेहऱ्यानं साथ दिली नाही. “म्हणाला, तुम्ही विचारलं नाही.”

मास्तर वळले नाहीत. ते समोर, खिडकीबाहेरच्या पांढऱ्या धुक्यात बघत राहिले. वहिनींना वाटलं, उठून त्यांच्या खांद्यावर हात ठेवावा. पण या खोलीत तशी रीत नव्हती. इथे दुसऱ्याचं ओझं उचलायचं ते ग्रहांच्या नावानं. यांच्यासाठी आता कुणाचं नाव घ्यायचं, ते त्यांना सुचेना.

“कोण आहे रिकामं?” फोरमननं विचारलं. “राखीव गाडी मी सुरू करून ठेवतो. धुक्याचा दिवा लावलाय तिला. पण ड्रायव्हर?”

बाकी सगळे बाहेर होते. जे आले होते ते दिवसभराचे थकून आले होते. मुलाची फेरी छोटी झाली होती.

“मी जातो,” मुलगा म्हणाला.

मास्तर उठले. टेबलाला धरून उठले. फळ्यासमोर गेले आणि शहराच्या रस्त्याखालचा मुलाचा बिल्ला हातात घेतला. चंद्र अजून आठवाच होता. उद्यापर्यंत तो तिथून हलणार नव्हता. वहिनींना दिसत होतं की बिल्ला त्यांच्या बोटांतून सुटत नाहीये. कुणी घाई केली नाही. फोरमनसुद्धा दारात थांबून राहिला.

“घरी कसं आहे?” मास्तरांनी पाठमोरंच विचारलं.

मुलाला आधी कळलं नाही. मग कळलं. “तुम्ही निघताना होतं तसंच आहे.”

“झोप झाली का?”

“झाली.”

“खरं सांग.”

“झाली, मास्तर. काल लवकर झोपलो. घाटाला जायचं होतं म्हणून.”

“जेवलास?”

“जेवलो.”

मास्तरांनी बिल्ला घाटाच्या खिळ्याला लावला, मौनीच्या बिल्ल्याशेजारी. मग वळले. पंचांग उघडंच होतं. ते त्यांनी मिटलं, पिशवीत घातलं नाही, नुसतं बाजूला सारलं. राखीव गाडीची किल्ली खुंटीवरून काढून मुलापुढे ठेवली. मुलगा किल्ली उचलून बाहेर पळाला, फोरमन त्याच्या मागे. गॅरेजमधून इंजिन खोकल्याचा आवाज आला, बंद पडला, पुन्हा आला.

“पायथ्याच्या चौकीला कळवते,” वहिनी म्हणाल्या, “आपली गाडी निघतेय म्हणून. ड्रायव्हर एक, छोटे मास्तर.”

मास्तर जागचे हलले नाहीत. मग सावकाश, ती न वळणारी मान सांभाळत, ते वाकले. फळ्याच्या खालच्या कोपऱ्यातला गंजलेला बिल्ला त्यांनी खिळ्यावरून ओढला. इतक्या वर्षांनी तो निघताना कुरकुरला. मफलरच्या टोकानं पुसला. पुसून फारसा फरक पडला नाही. घाटाच्या खिळ्याला दोन बिल्ले होते, त्यांच्यावर त्यांनी तिसरा अडकवला.

रिसीव्हर वहिनींच्या हातात तसाच राहिला. त्यांना विचारायचं होतं, तुमची झोप झाली का, तुम्ही जेवलात का. दुपारचा डबा टेबलाखाली न उघडलेला त्यांना दिसत होता. त्यांनी तो उचलून पुढे केला.

मास्तरांनी डबा घेतला, काखेत धरला, आणि धुक्यात उतरून गाडीकडे चालू लागले.